मोमोटाचं ‘सगळं डोक्यातच होतं’ का? डोळ्याच्या दुखापतीनंतर नेटजवळ चुकणाऱ्या मुलाबद्दल

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे माझी काही गल्लत झाली असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

मुलगा पंधरा वर्षांचा, डावखुरा. दुहेरीच्या सरावात जोडीदाराची रॅकेट भुवईखाली बसली, टाके पडले. डॉक्टरांनी तक्त्यावर नजर तपासली, ती ६/६ निघाली आणि खेळायला परवानगी मिळाली. त्याला आता पाच महिने झाले. पूर्वी तो नेटजवळच्या खेळावर सामने काढायचा आणि आता नेमकं तिथेच शटल रॅकेटच्या फ्रेमला लागतं किंवा टेपवर, म्हणजे नेटच्या वरच्या पट्टीवर, अडकतं. जपानचा माजी विश्वविजेता केंटो मोमोटा त्याचा आदर्श. क्लबमधल्या एका ज्येष्ठांनी त्याला सांगितलं, “मोमोटाचंही अपघातानंतर डोळ्यात काही नव्हतं, सगळं डोक्यातच होतं. मन घट्ट कर.” तेव्हापासून मुलगा गप्प आहे. हे खरं आहे का, आणि नेटचा खेळ सोडून त्याला स्मॅशवर न्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते तुमची खरी अडचण तिसरीच आहे. चूक होते याचा अर्थ आपण मनाने कच्चे आहोत, असं मुलाला वाटू लागलंय. एकदा हे मनात बसलं की मुलं डोळ्याला त्रास होत असला तरी सांगत नाहीत. सांगितलं तर पुन्हा तेच ऐकावं लागेल अशी भीती असते. म्हणून आधी मोमोटाबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्याच्याच नावाने मुलाला हे ऐकवलं गेलंय. मग तुमच्या मुलाकडे येतो.

मी चोवीस वर्षं मुलांना बॅडमिंटन शिकवतोय, पण मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलाला मी खेळताना पाहिलेलं नाही. रॅकेट नेमकी कुठे लागली, हाडाला मार होता का, या पाच महिन्यांत त्याची उंची किती वाढली, यावर बरंच अवलंबून आहे. या वयात चार-पाच सेंटिमीटर उंची वाढली तरी नेटजवळचा अंदाज काही काळ बिघडतो आणि त्याचा दुखापतीशी संबंधही नसतो. तेव्हा पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

मोमोटाला मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं ते २०१४ च्या मे महिन्यात, दिल्लीच्या सिरी फोर्टमध्ये. थॉमस चषक, म्हणजे पुरुषांची सांघिक जागतिक स्पर्धा होती. दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी गेलो होतो. जपानने उपांत्य फेरीत चीनला ३-० ने हरवलं आणि अंतिम फेरीत मलेशियाला ३-२ ने. जपानचा तो पहिलाच थॉमस चषक. निर्णायक सामना ताकुमा उएदाने काढला, पण मला आठवतो तो एकोणीस वर्षांचा मोमोटा. अंतिम फेरीत त्याने चोंग वेई फेंगला सरळ दोन गेममध्ये हरवलं. माझा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, हा काहीच करत नाहीये, तरी समोरचा पळतोय.” मुलाने अगदी बरोबर पाहिलं होतं.

मोमोटाचा खेळ सगळा थांबण्यावर उभा होता. तो नेटवर लवकर पोचायचा, रॅकेट वर, शटलच्या मागे धरलेली, आणि मग क्षणभर थांबायचा. पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ. तेवढ्यात समोरच्याला ठरवावंच लागतं. तो पुढे झेपावला तर मोमोटा मनगटाच्या झटक्याने शटल मागच्या रेषेवर टाकायचा. जागेवर थांबला तर तीच रॅकेट हलकेच लावून ड्रिबल, म्हणजे टेपला घासून नेटपलीकडे लगेच पडणारा फटका. दोन्ही फटक्यांची तयारी शेवटपर्यंत अगदी सारखी दिसायची. शिवाय तो डावखुरा. उजव्या हाताच्या खेळाडूला वर्षानुवर्षं जी सवय असते, की शटल त्या कोपऱ्यात टाकलं की बॅकहँड मिळतो, ती त्याच्यासमोर उलटी पडायची. त्याचा स्मॅश जगातला सर्वांत जोरदार कधीच नव्हता. त्याचा हाफ स्मॅश (कमी जोराचा, नेमका मारलेला स्मॅश) मात्र रेषेपाशी पडायचा आणि त्याच्या मागोमाग तो नेटवर हजर असायचा.

अशा खेळाला डोळ्याकडून काय हवं असतं, ते बघा. नेट मध्यभागी १.५२४ मीटर उंच असतं आणि बाजूच्या खांबांशी १.५५ मीटर. ड्रिबल टेपवरून दोन बोटं वर गेला तर समोरचा मारून टाकतो, अर्धं बोट खाली गेला तर आपलाच पॉइंट जातो. मागच्या कोर्टवरून स्मॅश मारताना संपर्कात थोडी चूक झाली तरी तारांची जाळी मोठी असते, फटका बसतो. ड्रिबलमध्ये ती सवलत नाही. त्यात शटल गिरक्या घेत येत असतं. ते आपल्यापासून नेमकं किती लांब आहे याचा अंदाज दोन्ही डोळे मिळून देतात. एका डोळ्याचं चित्र जरासं सरकलं तर हात चुकतो, आणि हात का चुकला हे खेळाडूला सांगताही येत नाही.

आता ‘डोक्यातच होतं’ याबद्दल. हे म्हणणाऱ्यांनी मोमोटाची आधीची दहा वर्षं पाहिलेली नसावीत, असं मला वाटतं.

त्याचा जन्म १ सप्टेंबर १९९४ चा, शिकोकू बेटावरच्या कागावा प्रीफेक्चरमधला. प्राथमिक शाळा संपल्यावर घर सोडून तो फुकुशिमामधल्या तोमिओका या गावी खेळायला गेला. त्या गावच्या शाळांचा बॅडमिंटनमध्ये दबदबा होता. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा तो सरावासाठी इंडोनेशियात होता. तोमिओका अणुप्रकल्पाच्या जवळ असल्याने अख्खं गाव रिकामं करावं लागलं. शाळा, हॉल, राहण्याची जागा, सगळं एका दिवसात हातचं गेलं. शाळेचा बॅडमिंटनचा वर्ग नंतर त्याच प्रीफेक्चरमधल्या इनावाशिरोला हलवला गेला आणि तोही तिथे जाऊन खेळत राहिला. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, चिबाला झालेल्या स्पर्धेत तो कनिष्ठ विश्वविजेता झाला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, तुमच्या मुलाहून तीनच वर्षांनी मोठा.

२०१५ मध्ये त्याने सिंगापूर ओपन आणि इंडोनेशिया ओपन जिंकलं. जकार्ताच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं, पुरुष एकेरीत जपानला मिळालेलं ते पहिलं पदक. वर्षअखेर दुबईत सुपर सिरीज फायनल्स. एप्रिल २०१६ च्या सुरुवातीला पुन्हा दिल्लीत, त्याच सिरी फोर्टमध्ये, अंतिम फेरीत डेन्मार्कच्या व्हिक्टर अॅक्सलसनला हरवून इंडिया ओपन. जागतिक क्रमवारीत तो दुसरा झाला. रिओ ऑलिंपिकला चार महिने उरले होते.

आणि त्याच आठवड्यात बातमी आली की तो बेकायदा जुगाराच्या अड्ड्यावर जात होता. वय एकवीस. त्याने पत्रकारांसमोर मान खाली घालून कबुली दिली. जपानच्या संघटनेने त्याच्यावर बेमुदत बंदी घातली, ऑलिंपिक गेलं. चूक त्याचीच होती आणि ती त्याने नाकारली नाही. मी माझ्या मुलांना ही गोष्ट लपवून सांगत नाही. मोमोटाला आदर्श मानायचं असेल तर हेही माहीत असायला हवं.

बंदी वर्षभराने, मे २०१७ मध्ये उठली. क्रमवारीतलं स्थान धुळीला मिळालं होतं, त्यामुळे मोठ्या स्पर्धांत थेट जागा मिळणं शक्य नव्हतं. जगात दुसरा असलेला खेळाडू कॅनडा, बेल्जियम, नेदरलँड्स, झेक प्रजासत्ताक, मकाऊ अशा लहान स्पर्धांत खेळायला गेला. या काळात त्याने पळण्यावर आणि ताकदीवर मेहनत घेतली, आणि ते पुढच्या वर्षी त्याच्या पायांत दिसलं. २०१८ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, चीनमधल्या वुहानला, त्याने मलेशियाचा ली चोंग वेई आणि चीनचा चेन लाँग या दोघांना एकामागोमाग हरवलं. ऑगस्टमध्ये नानजिंगला चीनच्या शी युचीला त्याच्याच प्रेक्षकांसमोर २१-११, २१-१३ असं हरवून तो विश्वविजेता झाला. पुरुष एकेरीत जपानचा पहिला. सप्टेंबरअखेर जागतिक क्रमवारीत अव्वल.

२०१९ ची तर गोष्टच वेगळी. एका मोसमात अकरा विजेतेपदं. पुरुष एकेरीतला हा विक्रम गिनीज बुकात नोंदला गेला. त्या वर्षी तो ७३ सामने खेळला आणि ६७ जिंकला. ऑल इंग्लंड, आशियाई, जागतिक, वर्षअखेरची वर्ल्ड टूर फायनल्स, सगळं त्यात आलं. बासेलच्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत आपल्या साई प्रणीतला आणि अंतिम फेरीत डेन्मार्कच्या आंतोनसेनला त्याने हरवलं. अंतिम सामन्याचा दुसरा गेम २१-३. विश्वस्पर्धेच्या अंतिम फेरीत समोरच्याला तीन पॉइंट. तो सामना मी मुलांना बसवून दाखवतो आणि सांगतो, आवाज बंद करून फक्त नेटजवळचे त्याचे पाय बघा.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं. गाव गेलं तेव्हा तो परत उभा राहिला. सगळ्या जगासमोर अपमान झाला, ऑलिंपिक हुकलं, तरी लहान लहान हॉलमध्ये खेळत पुन्हा शिखरावर पोचला. हे ज्याने केलं त्याचं मन अपघातानंतर अचानक लेचंपेचं झालं, हे मला पटत नाही. २०१७ मध्ये त्याचे सामने गेले होते, क्रमवारी गेली होती, लोकांचा विश्वास गेला होता. डोळा, हात, पाय जसेच्या तसे होते. २०२० मध्ये नेमकं त्या साधनांनाच धक्का बसला. दोन्ही वेळा माणूस तोच होता.

अपघाताचं सांगतो. १२ जानेवारी २०२० ला क्वालालंपूरच्या अॅक्सियाटा अरिनामध्ये त्याने अॅक्सलसनला २४-२२, २१-११ असं हरवून मलेशिया मास्टर्स जिंकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळाकडे जाताना त्यांची व्हॅन पुढच्या मालट्रकला मागून धडकली. चालक जागीच गेला. मोमोटाबरोबर संघाचे सहायक प्रशिक्षक, फिजिओ आणि स्पर्धेचा एक तंत्रज्ञ होते, तेही जखमी झाले. मोमोटाचं नाक मोडलं, चेहऱ्यावर जखमा झाल्या. शेजारी एका माणसाचा जीव गेलेला पाहिलेल्या खेळाडूबद्दल ‘मन घट्ट करायला हवं होतं’ असं मला तरी म्हणवणार नाही.

पण तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे. पहिल्या तपासण्यांत डोळ्याचं मोठं काही निघालं नव्हतं. तो जपानला परतला, फेब्रुवारीत सरावाला उतरला, आणि तेव्हा लक्षात आलं की शटल दोन दिसतात. पुन्हा तपासणी झाली, तेव्हा उजव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलेलं सापडलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे जगातल्या अव्वल खेळाडूच्या बाबतीतही खरी दुखापत उघड झाली ती कोर्टवर. तो ‘मला दोन दिसतात’ असं बोलला म्हणून पुढचा उपचार झाला. ‘डोक्यातलं आहे’ म्हणून गप्प बसला असता तर काय झालं असतं, याचा विचार तुमच्या मुलाने करावा.

खोबणीच्या खालच्या हाडाला मार बसला की डोळा हलवणारा स्नायू तिथे अडकू शकतो किंवा आखडतो. मग समोर बघताना सगळं ठीक वाटतं आणि वर बघितलं की दोन दिसतात. बॅडमिंटनमध्ये आपण निम्मा वेळ वरच बघत असतो. तक्त्यावरची अक्षरं सरळ समोर, स्थिर, आणि एकेका डोळ्याने वाचायची असतात. त्यात हे सापडत नाही.

त्यानंतरचा काळ भराभर सांगतो, कारण तो तुम्हाला माहीत असेल. डिसेंबर २०२० मध्ये त्याने जपानची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की झालं, आला परत. जानेवारीत थायलंडला निघताना विमानतळावर कोरोनाची चाचणी होकारार्थी आली. परदेशातला पुढचा सामना थेट मार्च २०२१ मध्ये, ऑल इंग्लंडला. मधले चौदा महिने बाहेरच्या जगाशी एकही सामना नाही. तिथे उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या ली झी जियाने त्याला सरळ गेममध्ये हरवलं. जुलैत टोकियो ऑलिंपिक, घरचं मैदान, रिकाम्या खुर्च्या, आणि गटातच कोरियाच्या हो क्वांग-हीकडून १५-२१, १९-२१. तो कोरियन खेळाडू तेव्हा जगात अडतिसावा होता.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. कोरोनामुळे क्रमवारी गोठवलेली होती. मोमोटा न खेळताही अव्वल राहिला. कागदावर पहिला क्रमांक, आणि हातात मात्र २०१९ चा खेळ नाही. समोरचा प्रत्येकजण जगातल्या पहिल्या खेळाडूला हरवायला मोकळेपणाने खेळतोय आणि आपण स्वतःची जुनी सावली गाठायला धावतोय. दुखापतीतून परतणाऱ्या कुठल्याही खेळाडूवर याहून मोठं ओझं मी पाहिलेलं नाही. दरम्यान बाकीचे थांबले नव्हते. अॅक्सलसन टोकियोत सुवर्ण जिंकून बसला. तो उंच, वेगवान आणि वरून मारणारा, त्यामुळे मोमोटाला थांबायला वेळच मिळेना. जुलै २०२२ मध्ये त्याच अॅक्सियाटा अरिनामध्ये, मलेशिया ओपनच्या अंतिम फेरीत, अॅक्सलसनने त्याला २१-४, २१-७ असं हरवलं. ऑगस्टमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत आपल्या प्रणॉयने २१-१७, २१-१६ असं हरवलं. त्याआधी प्रणॉयला त्याच्याविरुद्ध एकदाही जिंकता आलं नव्हतं.

मधेमधे जुना मोमोटा दिसायचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये बालीला इंडोनेशिया मास्टर्स त्याने जिंकलं, त्याच वर्षअखेर पाठीच्या दुखण्याने जागतिक स्पर्धा सोडावी लागली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कोरिया मास्टर्स. पण सलग पाच दिवस तसा खेळ आता होत नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये त्याने जाहीर केलं की चेंगडूचा थॉमस चषक ही आपली शेवटची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. अपघातानंतर मनात असलेला खेळ आणि शरीर यांचा मेळ बसेना, पुन्हा जगात अव्वल व्हायचं तर ते आता शक्य वाटत नाही, अशा आशयाचं तो बोलला. देशातल्या स्पर्धांत, आपल्या कंपनीच्या संघाकडून, तो पुढेही खेळत राहिला.

तेव्हा डोळा की मन? माझं मत असं की त्याच्यासारख्या खेळात या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. नेटवर थांबायला धीर लागतो. तो धीर कुठून येतो? शटल मला दिसतंय तिथेच आहे, या खात्रीतून. डोळ्याने दहा वेळा बरोबर सांगितलं आणि दोनदा चुकीचं, तर अकराव्या वेळी हात थांबत नाही, घाई करतो. घाईने फटका लवकर उघड होतो, समोरच्याला वाचता येतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, आत्मविश्वास गेला. गेला हे खरंच, पण तो का गेला हे बघायचं कष्ट कोणी घेत नाही. त्यात चौदा महिन्यांचा खंड, पाठ, वय, बाकीच्यांची प्रगती, हेही सगळं धरायला हवं.

माझ्याकडे अशीच एक मुलगी होती, सोळा वर्षांची. मिश्र दुहेरीत नेटवर उभी असताना समोरून मारलेलं शटल डोळ्यावर बसलं. सूज उतरली, नजर ठीक निघाली, महिन्याने ती परत आली. नेटवर ती प्रत्येक वेळी अर्धं पाऊल मागे थांबायला लागली. मी दोन महिने तिच्या फूटवर्कवर काम करत बसलो. ती माझी चूक होती. एके दिवशी मी सहज विचारलं, “वर बघताना काही होतं का?” ती म्हणाली, “संध्याकाळी दिव्यांत शटलला कड दिसते, दुहेरी.” तेही तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. तज्ज्ञांकडे पाठवलं, दोन डोळ्यांचा मेळ बसवणारे व्यायाम दिले गेले, आणि हळूहळू ते अर्धं पाऊल परत आलं. प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत डोळा पूर्ण ठणठणीत आणि फक्त धास्ती उरलेली असू शकते. पण आधी डोळा तपासायचा, मग धास्तीवर काम करायचं. उलट क्रमाने केलं तर मुलाचे महिने वाया जातात, जसे मी त्या मुलीचे घालवले.

म्हणून पहिलं काम तपासणी. नेत्रतज्ज्ञांना स्पष्ट सांगा की मुलगा स्पर्धात्मक बॅडमिंटन खेळतो, तक्त्याची तपासणी झालेली आहे, आता दोन्ही डोळे एकत्र कसे काम करतात ते बघायचंय. वर, खाली, दोन्ही बाजूंना बघताना दोन दिसतात का, खोलीचा अंदाज कसा आहे, आणि मार लागला त्या बाजूचं हाड बघायची गरज आहे का, हे तिन्ही विचारा. मोठ्या नेत्ररुग्णालयांत यासाठी वेगळा विभाग असतो. शक्य असेल तर सराव संपल्यावर, डोळे दमलेले असताना जा. सकाळी ताजेतवाने असताना असा दोष कधीकधी लपतो.

तपासणी होईपर्यंत घरच्या घरी एक गोष्ट करा, पण परीक्षा घेतल्यासारखी नको. शटलच्या बुचावर पेनने वेगवेगळे आकडे लिहा. तुम्ही नेटपलीकडून हळू फेका, त्याने रॅकेटशिवाय डाव्या हाताने झेलायचं आणि झेलण्याआधी आकडा ओरडायचा. आधी छातीच्या उंचीवर, मग डोक्यावरून. वरून येणारे जास्त सुटत असतील तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. कुठल्या दिशेला सुटतात हेही टिपून ठेवा.

डोळा व्यवस्थित आहे असं तज्ज्ञांनी सांगितलं, तर मग धास्तीचं बघू. त्यासाठी मी मुलांना आधी पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा देतो. दुहेरी खेळणाऱ्या प्रत्येक मुलाने तो वापरावा असं माझं ठाम मत आहे, दुखापत झालेली असो वा नसो. चष्मा लावल्यावर मुलगा अर्धं पाऊल पुढे येतो का, हे बघितलं की धास्तीचा वाटा किती हे बऱ्यापैकी कळतं. मग हाताने टाकलेल्या शटलवर ड्रिबल, संथ, एका वेळी वीस, पॉइंट न मोजता. दोन आठवड्यांनी रॅकेटने टाकलेल्या शटलवर. त्यानंतर थांबण्याचा सराव: तो रॅकेट घेऊन शटलखाली पोचला की तुम्ही ‘पुढे’ किंवा ‘मागे’ ओरडायचं आणि त्याने तसा फटका खेळायचा. तुमचा आवाज रोज थोडा उशिरा येऊ द्या. मोमोटाचं थांबणं इथूनच शिकता येतं आणि इथूनच परत मिळवता येतं. दुहेरीचा सराव महिनाभर बंद ठेवला तरी चालेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नेट सोडून स्मॅशवर न्यावं का. स्मॅश वाढवा, जरूर वाढवा. पंधराव्या वर्षी खांदा आणि पाठ तयार होत असतात, तेव्हा फार घाई नको, आठवड्याला थोडं थोडं. पण नेटऐवजी नको. ज्या मुलाला नेटवर थांबायचं सुचतं, त्याला ते कोणी शिकवलेलं नसतं. माझ्याकडे चोवीस वर्षांत अशी मुलं फार तर पाच-सहा आली. दुखापतीच्या पाच महिन्यांच्या हिशेबावर ते काढून टाकू नका. मोमोटाच्या पराभवांवरून मी एवढं मात्र शिकलो की नेटवर काही दिवस हात बसत नसेल तेव्हा सामना तोलून धरायला दुसरं काहीतरी हाताशी हवं. म्हणून त्याचा टॉस (उंच उचलून मागे टाकलेलं शटल) खोल जातोय ना, बॅकहँडकडून सुटका करता येते ना, लांब रॅलीत पाय टिकतात ना, याकडे लक्ष द्या. स्पर्धा तीन-चार महिने थांबवल्या तरी काही बिघडत नाही. खेळवायच्याच असतील तर निकालाऐवजी एकच गोष्ट मोजा: नेटवर किती वेळा तो थांबला. मारलं कुठे, पॉइंट कोणाला गेला, ते लिहूच नका.

आणि त्या ज्येष्ठांना दोष देऊ नका. त्यांनी धीर देण्यासाठीच म्हटलं असणार. फक्त मुलाला एकदा जवळ बसवून सांगा की मोमोटाला शटल दोन दिसत होती आणि ते त्याने बोलून दाखवलं, म्हणून त्याची शस्त्रक्रिया झाली. मग विचारा, तुला काय दिसतं? उत्तराला वेळ लागला तरी मधे बोलू नका.

तपासणीत काय निघालं आणि आकडे लिहिलेली शटल कुठल्या बाजूला सुटली, हे मला कळवा. नेटजवळचा दहा मिनिटांचा व्हिडिओ बाजूने, टेपच्या उंचीवर कॅमेरा ठेवून काढून पाठवलात तर पाय आणि रॅकेट दोन्ही बघून पुढचं नेमकं सांगता येईल.